चहाचा ग्लास आणि दोन बोटी

बहिणीचा मुलगा पंधरा वर्षं मालवाहू जहाजांवर नोकरी करून गेल्या वर्षी घरी आला, तो पुन्हा न जाण्याच्या बोलीनेच. दोन मित्रांबरोबर भागीत एक वापरलेली शिडाची बोट घ्यायची, पावसाळा सोडून इतर दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचं आणि सवड मिळाली की आपणही लांब जायचं, असा त्याचा बेत होता. तिघांनी साठवलेली सगळी पुंजी त्यात जाणार होती. दोन बोटी त्याच्या नजरेत होत्या. दोन्ही चाळीस फुटी. एक आपण नेहमी पाहतो तशी, एका धडाची. इंग्रजीत तिला मोनोहल म्हणतात. दुसरी कॅटमरान, म्हणजे दोन अरुंद धडं अंतर ठेवून शेजारी शेजारी उभी केलेली आणि वरून एकाच पाटाने जोडलेली. मला म्हणाला, "मामू, तुम्ही दोन्ही बोटींवर एकेकदा येऊन बसा. माझी नजर खलाशाची झालीय. तुम्हाला जे वाटेल तेच उतारूला वाटणार."

मी कवी माणूस. समुद्रावर ओळी पुष्कळ लिहिल्या, पण शिडाची दोरी कधी हातात धरली नाही. तरी गेलो. सोबत भाचेसूनही होती.

पहिल्या दिवशी एका धडाच्या बोटीवर बसलो. मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो आणि दुपारचा वायव्येचा वारा शिडात भरला, तशी बोट एका अंगाला कलली. थोडीथोडकी नव्हे, घराच्या कौलारू उतारावर बसल्यासारखं वाटावं इतकी. भाच्याने हातात दिलेला चहाचा ग्लास मी शेजारी ठेवला, तो घसरत गेला आणि फुटला. भाचेसुनेने कठडा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी कॅटमरानवर बसलो. वारा तोच, वेळ तीच. ग्लास टेबलावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. बोट कालच्यापेक्षा जोरात पळत होती आणि आम्ही दिवाणखान्यात बसल्यासारखे गप्पा मारत होतो. भाचेसून म्हणाली, "झालं तर मग, हीच घ्या." मलाही तसंच वाटलं.

भाचा मात्र हसला नाही. म्हणाला, "मामू, नाना असते तर काय म्हणाले असते?"

नाना म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मालवाहू मचव्यावर ते तांडेल होते. तो प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना. पुढचे दोन-तीन महिने मी या विषयावरची पुस्तकं मिळवून वाचली, बोटीवरच्या माणसांना विचारत राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यासमोर ठेवतो.

सुरुवात नावापासून करू. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींमुळे 'कॅटमरान' हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी बसला. त्या इंजिनावर चालतात. पण शब्द इंग्रजी नाही, तो तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. चोलमंडलच्या किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीने एकत्र बांधून त्यावर बसून मासेमारी करत, त्या तराफ्याचं नाव 'कट्टुमरम'. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने तो शब्द आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला. पुढे कधीतरी तो दोन धडांच्या बोटीला चिकटला. गंमत अशी की, तमिळ कोळ्यांच्या कट्टुमरमला दोन धडं नसतात. दोन धडांची बोट ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची कर्तबगारी. तेव्हा नाव आपल्या देशातलं आणि वस्तू त्यांची, असा हा संसार आहे.

तरी कोकणातल्या माणसाला या बोटीमागची युक्ती अगदीच परकी नाही. आपल्याकडच्या लहान होडीला एका बाजूला दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला एक तरंगता ओंडका बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. अरुंद होडी एकटी असेल तर उलटेल. उलांडी तिला आधार देते. याच ओंडक्याच्या जागी पहिल्या होडीएवढीच दुसरी होडी आली असं समजा, की कॅटमरान झाली.

आता मुख्य मुद्दा. शिडात वारा भरला की तो बोटीला पुढे ढकलतो, पण त्याबरोबर आडवंही पाडायला बघतो. बोट उभी कशी राहते? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन बोटी म्हणजे ही दोन उत्तरं.

पहिलं उत्तर वजनाचं. नानांच्या मचव्यावर एक शब्द रोज वापरात असे, नीरम. कौलं किंवा लाकूड मुंबईला उतरवल्यावर मचवा रिकामा परत यायचा असेल तर तळात दगड किंवा वाळू भरत. बोट खाली जड राहावी म्हणून भरलेलं हे वजन म्हणजे नीरम. नाना म्हणत, भरल्या मचव्यापेक्षा रिकाम्या मचव्याची भीती जास्त. आजच्या एका धडाच्या शिडाच्या बोटीत हे नीरम कायमचं बसवलेलं असतं. बोटीच्या पोटाखाली एक जाड पंख्यासारखा भाग खोल पाण्यात उतरलेला असतो आणि त्यात शिसं किंवा बीड असतं. बोटीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वजन एवढ्या भागात असतं. वारा बोटीला कलवतो तसं हे वजन एका बाजूला वर उचललं जातं आणि बोटीला परत सरळ करू लागतं. बोट जितकी कलेल तितकी ही ओढ वाढते. शिवाय कललेल्या शिडावरून वारा निसटून जातो. म्हणजे कलणं हा या बोटीचा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. माझा ग्लास फुटला तेव्हा बोट आपलं काम चोख करत होती.

दुसरं उत्तर रुंदीचं. चाळीस फुटांची एका धडाची बोट साधारण तेरा फूट रुंद असते. तेवढ्याच लांबीची कॅटमरान वीस-बावीस फूट रुंद असते. पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखी ती उभी राहते. तिला शिशाची गरज नाही. वारा आला की वाऱ्याकडचं धड उचलायला बघतं, पण त्या धडाचं वजनच त्याला खाली दाबतं. म्हणून ती कलतच नाही म्हटलं तरी चालेल.

या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं. आधी वेगाचं पाहू.

खाडीतून जाणारी लाँच आपण पाहिली असेल. तिच्या नाळीपाशी एक लाट उठते आणि मागच्या बाजूला दुसरी. बोट जितकी जोरात जाते तितकी या दोन लाटांतली लांबी वाढते. एक वेळ अशी येते की पुढची लाट नाळीपाशी, मागची लाट शेवटाला आणि बोट मधल्या खळग्यात बसलेली. यापुढे जोरात जायचं तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायचं आणि त्यासाठी वाऱ्याचा फार मोठा जोर लागतो. जड बोटीला ते जमत नाही. तिची मर्यादा मोजायची एक सोपी रीत आहे. पाण्याला टेकलेली बोटीची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पाण्यावरची लांबी ३६ फूट असेल तर वर्गमूळ ६ आणि वेग जेमतेम ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. रस्त्यावरचा सायकलवालाही हिला मागे टाकील.

कॅटमरानची धडं अरुंद असतात. शर्यतीच्या कॅटमरानमध्ये तर धडाची लांबी रुंदीच्या दहापट किंवा त्याहून अधिक असते. सुरीने पाणी कापावं तशी ती जातात, मोठी लाट उठवतच नाहीत. त्यामुळे वरचं गणित त्यांना तितकंसं लागू होत नाही. त्यात शिशाचं ओझं नाही. हलकी आणि बारीक, म्हणून वेगवान.

पण इथे एक मेख आहे आणि ती पर्यटकांना फिरवणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवायला हवी. कॅटमरानचा वेग हा हलकेपणाचा वेग आहे. तिच्यात पाण्याच्या टाक्या, फ्रीज, जनरेटर, चार बिछाने, दहा माणसं आणि त्यांचं सामान भरलं की अरुंद धडं पाण्यात खोल रुततात आणि वेग गळून पडतो. जागा भरपूर असल्यामुळे सामान भरण्याचा मोहही तिच्यातच जास्त होतो. एका धडाची बोट आधीच जड असते. तिला आणखी काही पोती चढवल्याने फारसं बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. कोणतीही शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावं लागतं. एका धडाच्या बोटीचा खोल पंखा पाण्यात पक्की पकड घेतो, म्हणून ती वाऱ्याच्या बरीच जवळून जाते. सहलीच्या कॅटमरानचे पंखे उथळ असतात. ती बाजूला सरकते आणि तिला जास्त वळणं घ्यावी लागतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे गोव्याहून मुंबईकडे येताना तो तोंडावर असतो. मुंबईहून गोव्याला उतरताना कॅटमरान आधी पोचेल, पण परतताना दोघींमधलं अंतर बरंच कमी होईल. वेग विचारताना कुठल्या वाऱ्यात हेही विचारायला हवं.

आता आरामाचं. ग्लास न सांडणं हा कॅटमरानचा मोठाच गुण आहे. स्वयंपाक करता येतो, मुलं धावू शकतात, म्हाताऱ्या माणसाला कठडा धरून बसावं लागत नाही. नांगर टाकून उभी असताना एका धडाची बोट लाटेबरोबर पाळण्यासारखी डुलते आणि कित्येकांना तिथेच मळमळतं. कॅटमरान स्थिर राहते. शिवाय तिला पाणी कमी लागतं. चाळीस फुटी एका धडाच्या बोटीला पोटाखाली सहा-सात फूट पाणी हवं, कॅटमरानचं चार फुटांत भागतं. आपल्या खाड्यांच्या तोंडावरचे वाळूचे दांडे लक्षात घेतले तर हे किती सोयीचं आहे ते कळतं.

पण खुल्या समुद्रात, लाटा समोरून येऊ लागल्या की हिशेब बदलतो. दोन धडांना जोडणाऱ्या पाटाच्या खालच्या बाजूवर लाट आपटते तेव्हा कोणी हातोडा घातल्यासारखा आवाज होतो, टेबलावरची भांडी उडतात आणि रात्री झोप लागत नाही. दोन धडं दोन वेगळ्या लाटांवर असल्यामुळे हालचाल झटक्याझटक्यांची होते. एका धडाच्या बोटीची हालचाल मोठी असली तरी संथ, लयीची असते. महिनोन् महिने समुद्रावर काढणारी काही माणसं म्हणतात की कललेल्या बोटीची सवय होते, झटक्यांची होत नाही. काही अगदी उलट सांगतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. त्यांचे समुद्र वेगळे असतात.

यापुढची गोष्ट आरामाची नाही, जिवाची आहे. नानांनी बहुधा हीच विचारली असती.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. १५ नॉटच्या वाऱ्यात सुखाने चाललेल्या बोटीवर ३० नॉटचा झोत अचानक आला तर काय होतं? एका धडाची बोट जोरात कलते. कठडा पाण्याला लागतो, आतली भांडी पडतात, बायकापोरं ओरडतात. म्हणजे बोट सांगते, शीड कमी करा. नाही ऐकलं तर ती आणखी आडवी होते, पण शिडातला वारा निसटतो आणि शिसं तिला पुन्हा उभं करतं. डोलकाठी पाण्याला टेकली तरी चांगली बांधलेली बोट परत येते. कॅटमरान असं काही सांगत नाही. ती ताठ उभी राहते आणि जास्तच जोरात पळते. बसलेल्याला वाटतं, काय मजा आहे! तिची ताकद सगळ्यात जास्त असते ती एक धड पाण्यातून जेमतेम सुटत असताना. ते धड एकदा उंच उचललं गेलं की ताकद वाढत नाही, कमी होत जाते. आणि पालथी झाली की ती स्वतःहून सरळ होत नाही, कारण पालथ्या अवस्थेतही ती तितकीच भक्कम तरंगते.

त्यातही एक दिलासा आहे. शिसं नसल्यामुळे कॅटमरान सहसा बुडत नाही. पालथी झाली तरी माणसांना धरून राहायला ती तराफा होते. एका धडाच्या बोटीला मोठं भोक पडलं तर जे शिसं तिला उभं ठेवतं तेच तिला तळाला नेतं.

दोन खऱ्या घटना सांगतो. हवाई बेटांवरच्या लोकांनी १९७५ साली आपल्या पूर्वजांच्या धर्तीवर 'होकुलेआ' नावाची दोन धडांची शिडाची बोट बांधली. १९७६ साली माऊ पियाइलुग या जाणत्या दर्यावर्दीने होकायंत्रावाचून, तारे आणि लाटा वाचत ती ताहितीला नेली. सगळ्या पॅसिफिकला अभिमान वाटावा असं ते काम होतं. पण मार्च १९७८ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाली असताना रात्री वादळी समुद्रात ती उलटली. एडी आयकाऊ हा तरुण, हवाईतला नावाजलेला जीवरक्षक, मदत आणण्यासाठी फळीवर पोहत निघाला. तो परत दिसला नाही. उलट्या बोटीला धरून राहिलेले बाकीचे सगळे वाचले.

दुसरी घटना आपल्या अभिलाष टॉमी यांची. गोव्यात बांधलेल्या एका धडाच्या 'म्हादेई'वरून, मुंबईहून निघून कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ते २०१३ साली परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१८ साली ते गोल्डन ग्लोब शर्यतीत 'थुरिया' या, तीही गोव्यातच बांधलेल्या, बोटीवर होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात लाटांनी थुरियाला पूर्ण पलटी दिली. डोलकाठी मोडली, अभिलाष यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली. हलता न येणारा माणूस तीन दिवस तिच्यात पडून राहिला आणि फ्रेंच जहाजाने सुटका करेपर्यंत ती तरंगत राहिली. २०२३ साली त्यांनी हीच शर्यत दुसऱ्या बोटीवर, पण एका धडाच्याच, दुसरा क्रमांक मिळवून पुरी केली.

मग वेगवान कोण, सुरक्षित कोण, याचा निवाडा कसा करायचा? मला वाटतं, एका माणसाच्या आयुष्याने तो सोपा केला आहे. ते म्हणजे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. व्यापारी जहाजांवर अधिकारी असताना त्यांनी मुंबईत कुलाब्याला, आपल्या कारागिरांकडून, सागवानी लाकडाची ३२ फुटी बोट बांधून घेतली. नाव ठेवलं 'सुहैली'. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला त्या नावाने ओळखतात. 'सुहैल' हे अरबीत एका ताऱ्याचंही नाव आहे आणि तो तारा म्हणजे आपला अगस्ती. अगस्ती उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळू लागतं, असं आपल्याकडे मानतात. दोन भाषांत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव वाचून किती बरं वाटलं असेल ते आपण समजू शकाल.

१९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले. त्यांत एका धडाच्या बोटी होत्या आणि तीन धडांच्या, म्हणजे कॅटमरानच्या थोरल्या बहिणी शोभतील अशा ट्रायमरानही होत्या. सुहैली लहान आणि संथ होती. ती ३१२ दिवस चालत राहिली, सरासरी ताशी चार नॉटने. भराभर चालणारा माणूस जरा पळू लागला तर याच वेगाने जाईल. पण पुरी पोचली ती एकटीच. नायजेल टेटली यांची प्लायवुडची ट्रायमरान तिच्यापेक्षा वेगवान होती. मागून दुसरी ट्रायमरान वेगाने येते आहे अशा समजुतीने त्यांनी थकलेल्या बोटीला आणखी पळवलं आणि घर हजार-बाराशे मैलांवर राहिलं असताना ती समुद्रात मोडली. टेटली वाचले. मागच्या बोटीचा तो वेग खोटा होता, कारण तिच्यावरचे डोनाल्ड क्रोहर्स्ट आपला ठावठिकाणा चुकीचा कळवत होते. पुढे त्यांची रिकामी बोट सापडली, ते सापडले नाहीत.

एवढं पाहिलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी जन्मभर दोन-तीन धडांच्या बोटींच्या नावाने बोटं मोडली असती तर नवल नव्हतं. पण १९९४ साली तेच गृहस्थ न्यूझीलंडच्या पीटर ब्लेक यांच्यासोबत 'एन्झा' या २८ मीटरच्या कॅटमरानवर आठ जणांच्या ताफ्याने निघाले आणि ७४ दिवस २२ तासांत पृथ्वी फिरून आले. कुठे ३१२ आणि कुठे ७५! तरी ही सफर फुकटात मिळाली नव्हती. आदल्या वर्षीचा प्रयत्न धडाला इजा झाल्याने अर्धवट सोडावा लागला होता. आणि १९९४ मध्ये शेवटच्या टप्प्यात वादळ गाठलं तेव्हा बोटीने मागच्या लाटेवरून पुढच्या लाटेत नाक खुपसून कोलांटी खाऊ नये, म्हणून मागे जाड दोर सोडून त्यांनी मुद्दाम तिचा वेग कमी केला. जगातल्या सगळ्यात वेगवान बोटींपैकी एक आणि तिच्यावरचे जाणते खलाशी तिला हळू चालवण्यासाठी धडपडत होते!

पुढे २००६-०७ साली, सत्तरीकडे झुकलेले नॉक्स-जॉन्स्टन पुन्हा एकट्याने जगाभोवती शर्यतीत उतरले. यावेळी बोट एका धडाची होती.

शर्यतींच्या जगातही हा वाद वळणं घेत आला आहे. १८७६ साली नथानिएल हेरेशॉफ या अमेरिकी कारागिराच्या 'अमेरिलिस' कॅटमरानने न्यूयॉर्कच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकलं, तेव्हा इतरांनी तक्रार करून तिला बादच ठरवलं. १९८८ साली अमेरिका चषकात न्यूझीलंडच्या भल्यामोठ्या एका धडाच्या बोटीला अमेरिकेच्या लहानशा कॅटमरानने सहज हरवलं आणि तो झगडा कोर्टात गेला. दोन वर्षांनी निकाल कॅटमरानच्या बाजूने लागला. २०१३ साली त्याच चषकात कॅटमरान पाण्याखालच्या पंखांवर उचलून जवळजवळ उडू लागल्या. आणि २०२१ व २०२४ साली त्याच चषकाच्या बोटी पुन्हा एका धडाच्या होत्या, तशाच पंखांवर उडणाऱ्या, ५० नॉटपर्यंत पोचणाऱ्या. धड पाण्यातच नसेल तर एक की दोन याला फारसा अर्थ उरत नाही. पण त्या बोटींवर चहाचा ग्लास ठेवायला कोणी जात नाही.

हे सगळं झाल्यावर मी भाच्याकडे गेलो. त्याला म्हटलं, नानांच्या वतीने बोलतो. तुला दिवसाचे तीन-चार तास, उथळ पाण्यात, किनारा दिसत असताना, समुद्राची सवय नसलेल्या बायकापोरांना आणि म्हाताऱ्यांना न्यायचं असेल तर कॅटमरान घे. त्यांच्या हातचा ग्लास सांडता कामा नये. पण मग वाऱ्याचा अंदाज अंगावरून घेऊ नकोस. ती बोट तुला सांगणार नाही. बांधणाऱ्याने किती वाऱ्याला किती शीड आवरायचं याचा तक्ता दिलेला असतो, तो सुकाणूसमोर डकवून ठेव. आकडा गाठला की उतारू कितीही टाळ्या वाजवोत, शीड उतरव. माणसं नेमून दिलेल्या संख्येवर एक जास्त नको, मग तो आपला पाहुणा का असेना. आणि जर तुला एकट्याने, सामान भरून, लांबच्या समुद्रात जायचं असेल, तर ग्लास फोडणारी घे. ती तुला वाकून दाखवील आणि परत उभी राहील.

त्याने जरा विचार केला. म्हणाला, "मामू, घरखर्च तर उतारूंवरच चालणार."

त्याने कॅटमरान घेतली. गेल्या महिन्यात पुन्हा तिच्यावर बसलो. सुकाणूजवळ तक्ता डकवलेला होता, कोळशासारख्या काळ्या अक्षरांत आकडे. वारा छान होता, बोट पाखरासारखी चालली होती, ग्लास टेबलावर स्थिर होता. कोणीतरी म्हणालं, अजून जोरात जाऊ दे की! भाच्याने वाऱ्याच्या काट्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि काही न बोलता शीड अर्ध्यावर घेतलं. उतारू जरा हिरमुसले. मी चहा संपवला.